कंपायलरला शिव्या घालण्याआधी

नव्या बोर्डावर (वेगळ्या प्रोसेसरच्या छोट्या संगणकावर) लिनक्सची डिस्ट्रो, म्हणजे कर्नल आणि पॅकेजांचा संच, न्यायला घेतली की पहिल्या शिव्या खातो तो सोर्सचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर. बिल्ड (सोर्सपासून प्रोग्राम बांधणं) फुटला, पडद्यावरची शेवटची ओळ जीसीसी या कंपायलरची, म्हणून गुन्हेगारही तोच. खरं तर जीसीसीचा स्वतःचा दोष फार क्वचित निघतो. बहुतेक वेळा दोष असतो सोर्समध्ये कुणीतरी वर्षांपूर्वी धरलेल्या गृहीतकाचा, बिल्डच्या जुनाट स्क्रिप्टचा, नाहीतर टेबलावरच्या तापलेल्या हार्डवेअरचा. हे वेगळं कसं ओळखायचं, हाच पोर्टिंगच्या, म्हणजे सॉफ्टवेअर नव्या हार्डवेअरवर नेण्याच्या, कामाचा गाभा. पॅच मारणं त्यानंतरचं, आणि त्यामानाने सोपं.

पुण्याला हे काम नवं नाही. १९८८ साली इथे सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था सुरू झाली आणि १९९१ मध्ये तिचा परम ८००० हा महासंगणक आला तो इनमॉसच्या ट्रान्सप्युटर या प्रोसेसरवर. इंटेलसाठी लिहिलेलं आयतं सॉफ्टवेअर त्यावर चालण्याचा प्रश्नच नव्हता. आज हिंजवडी, बाणेर, खराडीच्या ऑफिसांत येणारे बोर्ड आर्म-६४ नाहीतर रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर-कुळांचे असतात. सी-डॅकची वेगा ही प्रोसेसरची मालिकासुद्धा रिस्क-फाइव्हचीच. डेबियन या डिस्ट्रोने रिस्क-फाइव्हला अधिकृत आवृत्तीत जागा दिली ती १३व्या आवृत्तीत, ऑगस्ट २०२५ला. म्हणजे तयार पॅकेजं मिळतात. पण प्रोसेसरची किमान पातळी बदलायची ठरली, सी लायब्ररी बदलली, किंवा चिप देणाऱ्याने स्वतःचाच टूलचेन (कंपायलर आणि त्याच्या जोडीची साधनं) वापरायची अट घातली, की सगळं मुळापासून बांधावं लागतं.

मुळापासून म्हणजे कसं, त्याचा क्रम ठरलेला आहे. आधी बिनयुटिल्स, म्हणजे असेंबलर आणि लिंकर. मग फक्त सी समजणारा अर्धामुर्धा जीसीसी: शेअर्ड लायब्ररी बंद, थ्रेड बंद, हेडरशिवाय. मग कर्नलचे हेडर, मग ग्लिबसी (लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी), आणि ग्लिबसी उभी राहिली की पुन्हा जीसीसी, या वेळी सी प्लस प्लससकट. बांधणारं मशीन, चालवणारं मशीन आणि ज्याच्यासाठी कोड निघतो ते मशीन (टार्गेट), तिन्ही वेगळी असली तर त्या प्रकाराला कॅनेडियन क्रॉस म्हणतात. हे नाव पडलं तेव्हा कॅनडात तीन राष्ट्रीय पक्ष होते म्हणून. सुदैवाने बोर्डासाठी सहसा दोघांतच भागतं.

या टप्प्यावर एक एरर हमखास येते: 'कॅनॉट कॉम्प्यूट सफिक्स ऑफ ऑब्जेक्ट फाइल्स'. तिचा फाइलच्या नावाशी काडीचा संबंध नसतो. लिबजीसीसी या जीसीसीच्या मदतनीस लायब्ररीच्या कॉन्फिगर स्क्रिप्टने नव्या कंपायलरकडून एक रिकामा प्रोग्राम बांधून बघितला आणि तो बांधला गेला नाही, एवढाच तिचा अर्थ. वरच्या डिरेक्टरीतला कॉन्फिग-लॉग बघून काही कळत नाही. टार्गेटच्या नावाच्या डिरेक्टरीत लिबजीसीसीचा वेगळा कॉन्फिग-लॉग असतो, तो उघडा. कारण बहुधा दोनांपैकी एक निघतं. एक तर टार्गेटचा असेंबलर पाथमध्ये नाही आणि लॅपटॉपचाच असेंबलर अनोळखी इन्स्ट्रक्शन बघून ओरडतोय. किंवा कंपायलरला लागणारी एमपीएफआर वा एमपीसी ही गणिताची लायब्ररी चालताना सापडत नाही. 'सीआरटी-१ सापडत नाही' ही एररही याच कुळातली: सिसरूट (टार्गेटच्या लायब्ररी-हेडरची डिरेक्टरी) चुकीच्या जागी दाखवला आहे, नाहीतर ग्लिबसी त्यात बसवायचीच राहिली आहे.

इथून पुढे शेकडो पॅकेजं. आणि इथेच एक गोंधळ होतो, ज्यात माणसांचे आठवडे जातात. नव्या हार्डवेअरला नवा जीसीसी लागतो. नवा जीसीसी आला की जुन्या सोर्सचं त्याच्याशी पटत नाही. २०२० च्या जीसीसी १० ने हेडरमध्ये एकच ग्लोबल व्हेरिएबल अनेकदा जाहीर करण्याची जुनी सवलत काढून घेतली. तेव्हापासून 'मल्टिपल डेफिनिशन'च्या तक्रारी येतात. २०२४ च्या जीसीसी १४ ने न सांगितलेलं फंक्शन वापरणं ही वॉर्निंग न ठेवता सरळ एरर केली. दुसऱ्या बदलाची खोच अशी, की जुन्या कॉन्फिगर स्क्रिप्टच्या आतल्या चाचण्यासुद्धा अशाच ढिसाळ लिहिलेल्या असतात. त्या आता नापास होतात, स्क्रिप्ट शांतपणे 'नाही' लिहून पुढे जाते, आणि बिल्ड पूर्ण होऊनही पॅकेजातली एखादी सोय गायब असते. यातलं काहीच हार्डवेअरमुळे नाही. म्हणून माझा आग्रह असा, की एखादं पॅकेज फुटलं की आधी तोच सोर्स, त्याच आवृत्तीच्या जीसीसीने, साध्या एक्स-८६ वर (लॅपटॉपच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरवर) बांधून बघा. तिथेही फुटला तर बोर्डाचा विषय संपला. एका बिल्डचा खर्च आहे, पण निम्मी यादी तिथेच गळते.

उरलेल्यांत सगळ्यात सोपी टोळी ऑटोकॉन्फची, म्हणजे कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करणाऱ्या साधनाची. 'मशीन नॉट रेकग्नाइज्ड' असं कॉन्फिगर म्हणालं, तर टारबॉलमधल्या कॉन्फिग-गेस आणि कॉन्फिग-सब या दोन फाइली तुमच्या प्रोसेसरच्या जन्माआधीच्या आहेत. नव्या कॉपी करा, शक्य तर ऑटोरीकॉन्फ चालवा. मात्र मोठ्या पॅकेजांत या फाइली आतल्या डिरेक्टऱ्यांतही दडलेल्या असतात, फाइंडने सगळ्या शोधून बदला. 'आरपीएल-मॅलॉक सापडत नाही' अशी लिंकरची कुरकुर आली, तर क्रॉस बिल्डमध्ये (एका मशीनवर दुसऱ्यासाठी बांधताना) चाचणीचा प्रोग्राम चालवता आला नाही म्हणून जुन्या स्क्रिप्टने वाईटात वाईट अंदाज बांधला आहे. त्या चाचणीचं उत्तर कॅश व्हेरिएबलमधून आपणच 'हो' असं द्यायचं. 'स्किपिंग इनकम्पॅटिबल' म्हणत लिंकर लॅपटॉपच्या लायब्ररीकडे बोट दाखवत असेल, तर लायब्ररींचे पत्ते देणारा पीकेजी-कॉन्फिग सिसरूटच्या बाहेर भटकतोय. आर्मच्या ३२ बिट चरूटमध्ये (वेगळ्या मूळ डिरेक्टरीत उभ्या केलेल्या प्रणालीत) काही बांधत असाल आणि मधूनच ६४ बिटचे फ्लॅग येत असतील, तर यूनेम हा कमांड खालच्या ६४ बिट कर्नलचं नाव सांगतोय. बिल्ड 'लिनक्स-३२' च्या आत चालवा.

आता खरी गंमत. एक्स-८६ म्हणजे सी प्रोग्रामचं आजोळ. तिथे सगळे लाड चालतात. बाहेर पडल्यावर कळतं की नियम वेगळेच होते.

सी भाषेतला 'कॅर' हा टाइप साइन्ड असावा की अनसाइन्ड, हे भाषेने ठरवलेलं नाही. एक्स-८६ वरच्या लिनक्समध्ये तो साइन्ड असतो. आर्म, पॉवरपीसी आणि रिस्क-फाइव्हवर अनसाइन्ड. मराठी माणसाला हे पटकन कळावं असं उदाहरण आपल्याच लिपीत आहे. 'क' हे अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं: २२४, १६४, १४९. एक्स-८६ वर हेच बाइट साइन्ड कॅरमध्ये टाकले की -३२, -९२, -१०७ होतात. आता कुणीतरी इंग्रजीबाहेरची अक्षरं ओळखायला 'सी शून्याहून लहान आहे का' एवढीच परीक्षा लिहिलेली असते. एक्स-८६ वर ती चालते. आर्मवर तीच परीक्षा कधीच खरी होत नाही. कंपायलर ती सगळी शाखा काढून टाकतो आणि मराठी मजकूर आस्की समजून पुढे ढकलला जातो. बिल्ड हिरवा, इंग्रजी चाचण्या पास, आणि ग्राहकाच्या पावतीवर नावाच्या जागी ठोकळे. याला 'टाइप-लिमिट्स' ही वॉर्निंग पकडते, पण ती 'वॉल' या नेहमीच्या वॉर्निंगांच्या गटात नाही, 'एक्स्ट्रा'त आहे. पोर्ट करताना एकदा सगळी पॅकेजं ती लावून बांधून काढावीत आणि लॉगमध्ये 'ऑलवेज फॉल्स' शोधावं.

याचंच दुसरं रूप जास्त वेळा भेटतं. कमांडचे पर्याय वाचणारं गेटऑप्ट हे फंक्शन पर्याय संपल्यावर उणे एक परत देतं. ते उत्तर इंटमध्ये न घेता कॅरमध्ये घेतलं, की आर्मवर त्याचे २५५ होतात, लूप थांबत नाही, स्विच डिफॉल्टला जातो आणि प्रोग्राम वापरायची माहिती छापून बाहेर पडतो. एखादा कमांड सगळे पर्याय बरोबर देऊनही नुसती 'यूसेज' दाखवत असेल, तर दुसरं काही शोधू नका. 'एफ-साइन्ड-कॅर' फ्लॅग लावून पॅकेज पुन्हा बांधा. लक्षण गेलं तर निदान झालं. पण तो फ्लॅग तसाच ठेवून देणं मला पटत नाही. मूळ ओळ दुरुस्त करून पॅच लेखकाकडे पाठवावा, एका शब्दाचं तर काम आहे. उलट दिशेने गेलेलं उदाहरणही आहे: लिनक्स कर्नलने ६.२ पासून सगळ्याच प्रोसेसरवर अनसाइन्ड कॅर घ्यायचं ठरवलं आणि हा वाद स्वतःपुरता मिटवला.

दशांशाच्या गणितात याहून मोठा घोळ आहे, कारण तिथे कुणाची चूक आहे हे सांगणंही कठीण. आर्म-६४, पॉवर आणि रिस्क-फाइव्हच्या पायाभूत इन्स्ट्रक्शनमध्ये गुणाकार आणि बेरीज एकदम करणारी एफएमए असते. तिच्यात मधल्या गुणाकाराचं राउंडिंग होत नाही. एक्स-८६-६४ च्या मूळ पातळीत एफएमए नाही, ती नंतर आली, म्हणून सर्वसाधारण डिस्ट्रोच्या बिल्डमध्ये ती वापरली जात नाही. जीसीसी मात्र नेहमीच्या ग्नू मोडमध्ये जमेल तिथे एफएमए वापरायला मोकळा असतो. परिणाम बघा: एक्सचा वर्ग वजा वायचा वर्ग, आणि दोन्ही आकडे समान. एक्स-८६ वर उत्तर शून्य. एफएमए असलेल्या मशीनवर एका गुणाकाराचं राउंडिंग होतं, दुसऱ्याचं होत नाही, आणि फरक म्हणून सूक्ष्म उणे आकडा उरू शकतो. पुढे त्याचं वर्गमूळ काढलं की थेट नॅन, म्हणजे 'हा आकडाच नाही'. चाचणी पडते आणि बोर्डाच्या फ्लोटिंग पॉइंट युनिटवर संशय घेतला जातो. 'एफपी-कॉन्ट्रॅक्ट' ऑफ करून पुन्हा बांधा. नॅन गेला तर कंपायलर आणि प्रोसेसर दोघेही निर्दोष. तरीही उत्तरं शेवटच्या काही अंकांत जुळत नसतील तर लाँग डबल बघा: एक्स-८६ वर तो ८० बिटचा, आर्म-६४ आणि रिस्क-फाइव्हवर १२८ बिटचा आणि सॉफ्टवेअरमधून चालणारा, म्हणून संथही.

असे लाड आणखी आहेत, थोडक्यात सांगतो. पूर्णांकाला शून्याने भागलं की एक्स-८६ सिग्नल देऊन प्रोग्राम मारतो; आर्म मुकाट्याने शून्य देतो, रिस्क-फाइव्ह उणे एक. त्यामुळे तो सिग्नल येण्याची वाट बघणाऱ्या चाचण्या तिथे पडणारच. एक्स-८६ मेमरीतल्या लिखाणाचा क्रम बऱ्यापैकी राखतो, आर्म आणि रिस्क-फाइव्ह तितका राखत नाहीत; व्होलाटाइलवर भरवसा ठेवून लिहिलेले थ्रेड तिथे अधूनमधून घसरतात. हा दोष एक्स-८६ वरच्या क्यूएमू या एम्युलेटरमध्ये सहसा दिसतच नाही, कारण खाली यजमान एक्स-८६च असतो. आर्मवर कर्नलचं पेज (मेमरीचा एक ठरीव तुकडा) ४ केबीचं असेलच असं नाही, १६ किंवा ६४ केबीचंही असतं. मेमरी वाटणारा जेमॅलॉक ज्या पेज साइजवर बांधला त्याहून मोठं पेज दिसलं की 'अनसपोर्टेड सिस्टम पेज साइज' म्हणून बसतो. बांधतानाच पेज साइज मोठी सांगायची: ६४ केबीसाठी 'एलजी-पेज' १६, कारण दोनाचा सोळावा घात. आणि छोट्या अक्षरातला 'एफ-पिक' (शेअर्ड लायब्ररीचा कोड बांधायचा फ्लॅग) एक्स-८६ वर मोठ्यासारखाच चालतो. आर्म-६४ वर त्याच्या टेबलाला २८ केबीची मर्यादा आहे, ती ओलांडली की 'रिलोकेशन ट्रंकेटेड टू फिट'. मोठ्या अक्षरातला वापरा.

रिस्क-फाइव्हची स्वतःची खोड म्हणजे ॲटॉमिक, मध्ये दुसरा थ्रेड घुसू न देता मेमरी बदलणाऱ्या क्रिया. त्याच्या मूळ 'ए' विस्तारात ॲटॉमिक इन्स्ट्रक्शन ३२ आणि ६४ बिटांच्याच आहेत. सी प्लस प्लसमधला ॲटॉमिक बूल एक बाइटचा, म्हणून त्यावरचं एक्स्चेंज लिबॲटॉमिककडे जातं आणि लिंकर 'अनडिफाइन्ड रेफरन्स' म्हणतो. जीसीसी १३ पासून कंपायलर हे काम जागच्या जागी करतो. डेबियन १२ चा जीसीसी १२ वापरणाऱ्यांना अजून हा त्रास आहे. गंमत म्हणजे पुष्कळ पॅकेजांत 'लिबॲटॉमिक लागते का' याची चाचणी आधीच असते, पण ती आठ बाइटच्या आकड्यावर. ३२ बिट मशीन डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली. रिस्क-फाइव्ह-६४ त्या चाचणीत पास होतो आणि पुढे एक बाइटवर आपटतो. लायब्ररी जोडताना ती 'एलडीफ्लॅग्ज'मध्ये नको, 'लिब्ज'मध्ये टाका. ऑब्जेक्ट फाइलींच्या आधी आलेली लायब्ररी 'ॲज-नीडेड' असताना लिंकर टाकून देतो, आणि मग फ्लॅग दिलाय तरी एरर तीच.

'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' ही वेगळी जात. बांधलं एका पातळीच्या प्रोसेसरसाठी, चालवलं खालच्या पातळीवर. पहिल्या रास्पबेरी पायचा प्रोसेसर आर्म-व्ही-६ होता आणि डेबियनचं हार्ड-फ्लोट पोर्ट आर्म-व्ही-७ मागायचं; रास्पबियन वेगळं बांधावं लागलं ते यामुळेच. आजची आवृत्ती अशी, की उबुंटू २५.१० ने रिस्क-फाइव्हसाठी आरव्हीए-२३ ही पातळी सक्तीची केली. तिच्यात व्हेक्टर इन्स्ट्रक्शन आल्या. लोकांकडे असलेल्या व्हिजनफाइव्ह-२ सारख्या बोर्डात त्या नाहीत. निदान दोन मिनिटांचं आहे: जीडीबी या डीबगरमध्ये कोर (कोसळलेल्या प्रोग्रामच्या मेमरीची फाइल) उघडा आणि प्रोग्राम काउंटरच्या जागची इन्स्ट्रक्शन छापा. नाव दिसलं की कुठल्या विस्ताराची ते कळतं, आणि मग त्या पॅकेजाच्या मेकफाइलमध्ये कुणी 'मार्च-नेटिव्ह' (बांधणाऱ्या मशीनच्याच प्रोसेसरसाठी बांधा) घुसवलंय का ते बघा. बहुधा घुसवलेलं असतं.

आता तापलेल्या हार्डवेअरकडे येऊ. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि ऑफिसचा एसी संध्याकाळी बंद झाल्यावर रात्रीचा बिल्ड मात्र चालूच असतो. चार कोअर तासन्‌तास पूर्ण भाराने चालवणं हे विकासाच्या बोर्डाचं रोजचं जिणं नव्हे. त्यात फोनचा जुना चार्जर पॉवर सप्लाय म्हणून लावलेला. मग 'इंटर्नल कंपायलर एरर, सेग्मेंटेशन फॉल्ट' येऊ लागते. दर वेळी वेगळ्या फाइलवर. जागा बदलते म्हणजे कंपायलर निर्दोष, हे इथलं सूत्र. काही वेळा जीसीसी स्वतःच पुन्हा प्रयत्न करून सांगतो, की बग पुन्हा घडत नाही, बहुधा हार्डवेअर किंवा ओएसचा दोष असावा. त्याचं ऐका. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून एक धड सप्लाय, हीटसिंक आणि छोटा पंखा आणा, सोबत ३.३ व्होल्टची यूएसबी-सिरियल केबलही घ्या. ५ व्होल्टची जोडली तर पिना जळण्याची भीती. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाण्याची शहराची जुनी सवय लक्षात घेऊन बोर्ड यूपीएसवर ठेवा, नाहीतर अर्धवट लिहिलेल्या, शून्य बाइटच्या ऑब्जेक्ट फाइली मागे राहतात. वीज आल्यावर मेक त्या नव्या समजतो आणि लिंकर 'फाइल फॉरमॅट नॉट रेकग्नाइज्ड' म्हणतो.

'किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्राम सीसी-१-प्लस-प्लस' ही एरर मात्र गरमीची नाही, ती मेमरीची. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) 'आउट ऑफ मेमरी' दिसेल. जड टेम्प्लेटच्या सी प्लस प्लस फाइलींना दर जॉबमागे २ जीबी धरा; म्हणजे ४ जीबीच्या बोर्डावर, कोअर चार असले तरी, मेकला जॉब दोनच. डीबग माहिती 'जी-१' वर आणली की लिंकरची भूक बरीच उतरते, एलटीओ (लिंक करतानाचं ऑप्टिमायझेशन) बंद केला की आणखी. स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) एनव्हीएमई डिस्कवर चालेल. एसडी कार्डवर ठेवला तर बिल्ड संपायच्या आधी कार्ड संपेल.

हे सगळं गाळून, दर वेळी त्याच फाइलवर, त्याच ओळीवर कंपायलर कोसळत असेल, तर आता खरा संशय घ्यायला हरकत नाही. 'सेव्ह-टेम्प्स' लावून प्रीप्रोसेस केलेली फाइल काढा आणि ती लॅपटॉपवरच्या क्रॉस कंपायलरला द्या; आवृत्ती तीच, फ्लॅग तेच. तिथेही कोसळला तर बोर्ड सुटला आणि बग खरा. वर फायदा असा, की पुढची सगळी छाटणी वेगवान मशीनवर करता येते. सोर्स आपोआप छाटणाऱ्या सी-रिड्यूसला एक छोटी शेल स्क्रिप्ट द्यायची, 'तीच एरर येते का' एवढंच विचारणारी; हजारो ओळींची फाइल पुष्कळदा वीसेक ओळींवर येते. स्क्रिप्टमध्ये एररचा मजकूर आणि फंक्शनचं नाव दोन्ही तपासा, नाहीतर छाटता छाटता भलत्याच बगला जाऊन पोचाल.

कंपायलर कोसळत नाही पण चुकीचा कोड काढतो, हे सगळ्यात अवघड. ओ-०ला (ऑप्टिमायझेशन बंद) प्रोग्राम बरोबर, ओ-२ला (ऑप्टिमायझेशन चालू) चूक, एवढ्यावरून कंपायलरला दोष देता येत नाही. आधी 'नो-स्ट्रिक्ट-एलियासिंग' आणि 'रॅप-व्ही' हे सोर्समधल्या नियमभंगाला सवलत देणारे फ्लॅग लावून बघा. यातल्या एकाने आजार गेला तर दोष सोर्सचा असण्याची शक्यता जास्त. असा नियमभंग प्रोग्राम चालताना पकडणारं यूबीसॅन चालवा. तरीही संशय राहिला, तर दोन बिल्ड शेजारी शेजारी ठेवा आणि ऑब्जेक्ट फाइली अर्ध्या इकडच्या, अर्ध्या तिकडच्या घेऊन लिंक करा. २०० फाइली असल्या तरी आठ फेऱ्यांत एक फाइल हाती लागते. मग त्या फाइलीतलं फंक्शन, 'ऑप्टिमाइझ' ॲट्रिब्यूट एकेका फंक्शनला लावून. मग ऑप्टिमायझेशनचा पास, ओ-२ चे फ्लॅग एकेक बंद करून. शेवटी असेंब्ली वाचावीच लागते, त्याला पर्याय नाही.

बग नोंदवून झाला तरी रिलीजची तारीख थांबत नाही, म्हणून त्या पॅकेजापुरतं ओ-१ लावून पुढे जाणं आलं. त्यात गैर काही नाही. फक्त तो फ्लॅग जिथे लावला त्याच ओळीवर बगचा क्रमांक आणि जीसीसीची आवृत्ती लिहा, आणि अशा पॅकेजांची एक फाइल रिपॉझिटरीतच ठेवा. पुढचा जीसीसी आला की त्या फाइलीतली पॅकेजं आधी, फ्लॅग काढून बांधायची.